नगराळे काकांचा बोलका युपीएस

बैल घेणारा माणूस आधी त्याचं तोंड उघडून दात पाहतो. आमचे शेजारी नगराळे काका युपीएस घ्यायला जातात तेव्हा आधी तो खोका पाठमोरा करतात, त्याच्या मागच्या भोकात यूएसबीची केबल खुपसतात, केबलचं दुसरं टोक आपल्या जुन्या लॅपटॉपला लावतात आणि दुकानदाराला हातानेच गप्प बसवून म्हणतात, "थांबा जरा. त्याले बोलू द्या."

बहुतेक युपीएस बोलत नाहीत. मग काका केबल काढून गुंडाळतात, शबनम पिशवीत ठेवतात आणि दुकानदाराकडे अशा नजरेने पाहतात की जणू त्याने स्वतःच्या मुलाला शाळेत घातलेलं नाही. "मुका आहे," असं म्हणून ते पुढच्या दुकानाकडे निघतात. हिंगणघाटातली विजेच्या सामानाची एकूण एक दुकानं त्यांनी अशी पालथी घातली. मग वर्धा झालं. नागपूरलाही जाऊन आले. त्यातल्या बऱ्याच वाऱ्यांना स्कूटीवर पुढे मी आणि मागे लॅपटॉप पोटाशी धरून काका अशी वरात असायची, कारण गाडी चालवताना त्यांचं लक्ष रस्त्यावर नसून विजेच्या तारांवर असतं.

तुम्हाला वाटेल, रिटायर झालेल्या माणसाचा रिकामपणाचा छंद असेल. तसं असतं तर मी कधीच अंग काढून घेतलं असतं. शाळेत दिवसभर मुलांना गणित शिकवून आल्यावर मला दुसऱ्याच्या छंदाची हौस उरत नाही. पण काकांच्या घरी, आमच्या मधल्या भिंतीच्या अगदी पलीकडे, सुमनकाकू झोपून असतात. त्यांची फुप्फुसं अधू झाली आहेत. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन गाळणारं मशीन रात्रंदिवस घरघरत असतं आणि त्याची नळी काकूंच्या नाकाशी. मशीन विजेवर चालतं. वीज आमच्याकडे येते तशी जाते, आणि जाताना कोणाला विचारत नाही.

घरी एक साधा इन्व्हर्टर होता. त्याच्यावर एक हिरवा दिवा. मागच्या उन्हाळ्यात एकदा वीज गेली, दिवा हिरवाच राहिला, काका निर्धास्त अंघोळीला गेले आणि ते बाहेर येईपर्यंत बॅटरी संपत आलेली होती. काकूंचा श्वास असा काही चढला की नळी कोपऱ्यातल्या सिलिंडरला जोडूनही तो खाली येईना. शेवटी गाडी करून सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यावं लागलं. काकू बऱ्या होऊन घरी आल्या. काका मात्र त्या दिवसापासून दिव्यावर विश्वास ठेवत नाहीत. "हिरवा दिवा म्हणजे काय? काईच नाई. मले आकडा पायजे," असं ते सांगतात. बॅटरीत नेमकं किती उरलं आहे ते लॅपटॉपवर आकड्यात सांगणारा युपीएस त्यांना हवा होता.

आता असे युपीएस मिळतात. पण त्यांचं सॉफ्टवेअर कंपनीचं असतं, आणि काकांचं खरं भांडण तिथे सुरू होतं.

काका कॉलेजात ग्रंथपाल होते. कॉलेजकडे पैसा नव्हता तेव्हा लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर कोणीतरी फुकटचं, खुलं सॉफ्टवेअर बसवून दिलं. खुलं म्हणजे ज्याच्या आत काय लिहिलं आहे ते कोणीही वाचावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं आणि दुसऱ्याला द्यावं. काकांना हे एकदम पटलं. त्यांच्या मते ज्या पुस्तकाची पानं उघडता येत नाहीत ते पुस्तक नव्हे, ती वीट आहे. तेव्हापासून कोणतीही वस्तू समोर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आतलं दिसते का?" मिक्सर घेतला, आतलं दिसते का? नवा मीटर बसवायला माणूस आला, आतलं दिसते का? माझ्या भाच्याचं लग्न ठरलं आणि मी मुलीचा फोटो दाखवला, तेव्हासुद्धा हा प्रश्न त्यांच्या ओठावर आला होता, मी तो वेळीच अडवला.

ग्रंथपालकी अजून अंगात आहे. काकू आजारी पडल्यापासून स्वयंपाक काकाच करतात, आणि त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांवर लायब्ररीचे वर्गांक चिकटवले आहेत. हळद वनस्पतिशास्त्रात, मीठ रसायनशास्त्रात. हिंग कुठे ठेवावा यावर त्यांचा बरेच दिवस विचार चालला होता. काकू पलंगावरून म्हणायच्या, "माह्या घरात वरणाले फोडणी द्याची तं बी.ए. व्हा लागते."

तर कंपनीचं सॉफ्टवेअर. ते काकांच्या लॅपटॉपवर चालत नव्हतं, कारण ते ज्या जातीच्या कॉम्प्युटरसाठी बनवलं होतं तसा काकांनी ठेवलेला नाही. दुसऱ्या एका कंपनीचं मोबाइलवर चालायचं, पण आधी नाव, गाव, जन्मतारीख द्यायची आणि मग ओटीपी. काकांनी शांतपणे विचारलं, वीज गेली की टॉवर जाते, टॉवर गेला की ओटीपी कोण आणून देईन, चिमण्या? दुकानातला पोरगा हसला. काका हसले नाहीत. हे त्यांचं नेहमीचं. त्यांच्या बोलण्यावर आपण हसतो आणि मग त्यांचा चेहरा पाहून आपलं हसू अर्ध्यात विरतं.

आमच्या गावातले दुकानदार पप्पूशेठ तर काकांची पिशवी रस्त्याच्या टोकाला दिसली की गोदामात जायचे. एकदा सापडले. काकांनी तीन खोके उलटे केले, तिन्ही मुके निघाले. पप्पूशेठ हात जोडून म्हणाले, "काकाजी, पूरे हिंगणघाट में यूपीएस से कोई बात नहीं करता. एक आप ही हो."

"म्हणूनच पूरा हिंगणघाट अंधारात बसते," काका म्हणाले.

चौथा खोका मात्र थोडा बोलला. काकांनी त्याचा प्लग उपटला. बॅटरीवर जाताच तो टीं-टीं करून ओरडू लागला. काकांनी लॅपटॉपवर काहीतरी लिहिलं. तो ओरडतच राहिला. त्यांनी पुन्हा लिहिलं. मग मान हलवून केबल काढली. आकडा तर बरोबर दाखवत होता, मी स्वतः पाहिला. पण काकांनी तो घेतला नाही आणि का घेतला नाही तेही सांगितलं नाही. परतताना मी वाटभर कुरकुर केली.

कोणता युपीएस खुल्या सॉफ्टवेअरशी बोलतो याची एक मोठी यादी इंटरनेटवर आहे. जगभरातले हौशी लोक आपापला खोका तपासून त्यात भर घालतात. काका या लोकांना 'आपले लोक' म्हणतात. त्यात एक ब्राझीलचा आहे, एक पोलंडची बाई आहे. काका त्यांच्याशी इंग्रजीतून पत्रव्यवहार करतात आणि त्यांच्या घरचं सगळं आम्हाला सांगतात. ब्राझीलवाल्याच्या पोरीला ताप होता तेव्हा काका दोन दिवस बेचैन होते. आमच्याच गल्लीत कोणाला ताप आहे हे त्यांना माहीत नसतं. मुलं नाहीत, पुतणे समुद्रपूरला शेतीत. येणंजाणं कमी. काकूंशी तरी किती बोलणार? तसेही ते घरात कमीच बोलणारे. "पाणी देऊ?", "नळी नीट आहे ना?" एवढं झालं की त्यांचा शब्दांचा साठा संपतो.

काळजी साथीसारखी लागते हे मला या काळात कळलं. पूर्वी वीज गेली की मी पुठ्ठ्याने वारा घ्यायचे आणि महावितरणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आता वीज गेली की मी आधी भिंतीला कान लावते. घरघर ऐकू आली की पुन्हा श्वास घेते. शाळेत पंखा बंद पडला की फळ्यावरचं गणित अर्धं सोडून माझं मन घरी धावतं. एकदा मी वर्गात खिडकीतून तारांकडे पाहत उभी राहिले आणि मुलं माझ्याकडे पाहत उभी राहिली. नवरा म्हणाला, एक नगराळे कमी होते का?

अखेर खोका ठरला. यादीत नाव होतं, पुढे हिरवी खूण होती, बाहेरून मोठ्या बॅटऱ्या जोडता येत होत्या. पप्पूशेठने तो नागपूरहून मागवून दिला. दुकानात उघडून तपासायची सोय नव्हती, पण काका म्हणाले, नाव तेच, नंबर तोच, आता काय पाहायचं. घरी आणला, बॅटऱ्या जोडल्या, केबल लावली. तो बोलला. बॅटरी शंभर टक्के, असं म्हणाला. काकांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा समाधान पाहिलं. मग त्यांनी प्लग काढून त्याच्यावर कूलर चालवला. बराच वेळ कूलर चालला. युपीएस म्हणाला, शंभर. बॅटरी थकली, खोका टीं-टीं करू लागला, काकांनी काहीतरी लिहून त्याला गप्प केलं. तरी तो म्हणतच होता, शंभर.

पोलंडच्या बाईने कळवलं की कंपनीने नाव आणि नंबर तोच ठेवून आतली सर्किटची पट्टी बदलली आहे. यादीतली हिरवी खूण जुन्या मालाची. हे वाचून काका खुर्चीत बसले ते बसलेच. सगळी नोकरी ज्यांनी मुलांच्या मागे लागून सांगितलं की पुस्तकाचं नाव पाहू नका, आधी आवृत्ती पाहा, त्यांनी युपीएसची आवृत्ती पाहिली नव्हती. पप्पूशेठने बदलून द्यायचं कबूल केलं, पण कंपनीचा माणूस येऊन पाहील म्हणाले. तो माणूस रोज उद्या यायचा.

आणि त्या 'उद्या'च्या आधी वादळ आलं.

मे महिन्यातली संध्याकाळ. आधी धूळ, मग वारा, मग कोपऱ्यावरच्या कडुनिंबाची फांदी तारांवर पडल्याचा आवाज. सगळी गल्ली एकदम बंद झाली. मी भिंतीला कान लावला. घरघर चालू होती. पण आज लाईन लवकर येणार नाही हे त्या फांदीने सांगूनच टाकलं होतं. मी पदर खोचून पलीकडे गेले.

काका काकूंच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर लॅपटॉप. काकू डोळे मिटून पडलेल्या. लॅपटॉपवर शंभर. काका तो पुन्हा पुन्हा तपासत होते. कोपऱ्यात सिलिंडर उभा होता, तो भरलेला होता, मग एवढं घाबरायचं कशाला, नळी सरळ सिलिंडरला जोडू, असं मी हळूच म्हटलं. त्यांनी तितक्याच हळू समजावलं की सिलिंडर हा शेवटचा आहे. आधी बॅटरी पूर्ण वापरायची आणि ती संपायच्या जरा आधी बदलायचं. लवकर बदललं तर सिलिंडर पहाटेपर्यंत पुरणार नाही, उशीर झाला तर मशीन मध्येच बंद पडेल. म्हणजे सगळा खेळ त्या आकड्यावर, आणि आकडा खोटा.

मी म्हटलं, "काका, ते खाली आलं की टीं-टीं वाजेलच ना. तेव्हा बदलू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ते मी बंद करून ठेवलं आहे," ते म्हणाले. "बाई, मागच्या साली बॅटरीनं काई केलं नसतं. नळी जोडेपर्यंत तेवढा दम होता तिच्यात. ते टीं-टीं वाजलं अन् सुमन झोपेतून दचकून उठली. तिले वाटलं, संपलं आता. त्या भेवानं श्वास चढला, तो उतरला नाई. बोलणारा मले कायले पायजे होता? जो माह्याशी बोलीन अन् तिच्यापाशी चूप राहीन, असा पायजे होता."

मला त्या चौथ्या खोक्यावरची माझी कुरकुर आठवली. पण लाजायला वेळ नव्हता. आम्ही दोघं त्या खोट्या शंभरकडे पाहत बसलो. काका मधूनमधून बॅटरीवर तळहात ठेवत, मशीनच्या घरघरीत काही फरक पडतो का ते ऐकत. बाहेर लोकांनी फांदी ओढायला घेतली होती, त्यांची आरडाओरड येत होती. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, ओढा रे बाबांनो, लवकर ओढा. काकांचं कपाळ घामाने भिजलं होतं, आणि तो घाम पुसायलाही ते बॅटरीवरचा हात काढत नव्हते.

शेवटी ते उठले. "आता बदलू. अंदाजानंच." पलंगाजवळ जाऊन त्यांनी काकूंच्या खांद्याला हात लावला आणि इतक्या साध्या आवाजात, की चहा विचारत असावेत, म्हणाले, "सुमन, आज जरा याच्यातून घे. मशीनले थोडा आराम देऊन राह्यलो." काकूंनी डोळे उघडले, "बरं," म्हणाल्या आणि नळी बदलेपर्यंत छताकडे पाहत राहिल्या. श्वास जरासुद्धा चढला नाही. खोलीबाहेर आल्यावर मग काकांनी कपाळावरचा घाम पुसला.

सिलिंडरला पुष्कळ दम होता तेव्हाच लाईन आली. तेवढ्या वेळात माझं वय किती वाढलं ते मीच जाणते.

त्यानंतर काकांनी तो खोका परत केला नाही. तो चूप बसतो, हा गुण मोठा, म्हणाले. खोटं बोलण्याची खोड मात्र त्यांनी आपल्या लोकांकडून काढून घेतली. ब्राझीलवाला जे-जे विचारी ते काका खोक्याकडून वदवून घेत आणि पाठवत. शेवटी त्याने सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती केली. आता युपीएस खरा आकडा सांगतो. त्या दुरुस्तीखाली 'हिंगणघाटच्या नगराळेंच्या मदतीने' अशा अर्थाची एक ओळ आहे. ती काकांनी मला दाखवली, पप्पूशेठला दाखवली, आणि कंपनीचा माणूस अखेर एकदाचा आला तेव्हा त्यालाही दाखवली.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली.

परवा रविवारी दुपारी काका भाजी आणायला गेले होते म्हणून मी काकूंपाशी बसले होते. मी सहज म्हटलं, काकू, तुमचं बरं आहे, वीज गेलेली तुम्हाला कळतसुद्धा नाही. इकडे आमच्या जिवाचं पाणी होतं.

काकू हसल्या. हसल्या की त्यांना थोडं थांबावं लागतं.

"कळत नाई कशी व? नाक्यावरची चक्की बंद पडते ना. ते मले आधी ऐकू येते, त्याच्या लॅपटॉपच्या आधी."

मी म्हटलं, मग डोळे मिटून का पडून राहता? काका घाबरू नयेत म्हणून?

"पहिले तसंच होतं," काकू म्हणाल्या. "मी घाबरली दिसली तं तो बिचारा कोणापाशी घाबरीन? म्हून डोये मिटून घ्याची. पण मंग पाह्यलं तं तो खुर्ची घेऊन दारात बसते, अन् मी झोपली समजून बोलते."

"काय बोलतात?"

"सगळंच. आधी आकडा सांगते. मंग इकडचं तिकडचं. लग्न झालं तवा मी कशी दिसत होती ते. लायब्ररीत पह्यल्या दिवशी मी डबा घेऊन गेलती ते. मी नसली तं घरात कसं होईन, ते बी बोलला एकदा. इतक्या वर्सांच्या संसारात कधी एवढं बोलला नाई तो माणूस. डोये उघडले तं बंद होईन ना व." त्यांनी नळी सारखी केली. "आजकाल मेली लाईन लवकर येते."

ज्या विजेच्या जाण्याने मी आणि काका वर्षभर अर्धे झालो होतो, तिची ही बाई वाट पाहत होती. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, आणि काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बजावलं, "त्याले सांगजो नको."

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. काका पिशवी घेऊन आत आले, भाजी टोपलीत टाकू लागले. आणि नाक्यावरची चक्की मंद होत होत थांबली. पंखा फिरायचा थांबला. मी दचकून काकूंकडे पाहिलं. त्यांनी घाईघाईने उशी सारखी केली होती, डोळे मिटून घेतले होते, आणि चादरीखालून हाताने मला सांगत होत्या, जा, जा तू.

मी चपला हातात घेऊन निघाले. दाराशी काका भेटले, एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात खुर्ची. झोपली का, असं त्यांनी नजरेने विचारलं. मी मान हलवली. त्यांनी खुर्ची आवाज न करता टेकवली, बसले, आकडा पाहिला.

"त्र्याण्णव आहे सुमन," ते अगदी हळू म्हणाले. "आज बाजारात हिरव्या साडीतली एक बाई दिसली. मले वाटलं, तूच आहे."

मी घरी येऊन आमच्या खोलीत बसले. नाक्यावरची चक्की पुन्हा सुरू झाली, डोक्यावरचा पंखा फिरू लागला. सवयीने मी भिंतीला कान लावला. पलीकडून मशीनची घरघर येत होती आणि काकांचा हळू आवाज अजून येतच होता. खुर्ची उचलल्याचा आवाज मात्र संध्याकाळपर्यंत आला नाही.